४के मॉनिटरचा रिफ्रेश दर

मॉनिटरवरील चित्र एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते, त्या संख्येस रिफ्रेश दर असे म्हणतात. तो हर्ट्झ या एककात मोजला जातो. ४के, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलचे, मॉनिटर सर्वसाधारणपणे ६० हर्ट्झ किंवा त्याहून अधिक दराचे असतात. तरीही संगणकाला बाहेरून जोडल्यावर ते पुष्कळदा ३० हर्ट्झवरच चालतात. अशा वेळी दोन चित्रांमध्ये सुमारे १७ ऐवजी ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचेच असल्याने ते पाहताना हा दोष सहसा लक्षात येत नाही.

कारण

४केच्या एका चित्रात ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येकी २४ बिट धरल्यास ६० हर्ट्झसाठी सेकंदाला सुमारे ११.९ गिगाबिट माहिती लागते. दृश्य भागाभोवतीचा रिकामा अवधी मिळवल्यास दूरचित्रवाणीच्या प्रमाणित संकेतात हा आकडा १४.३ च्या आसपास जातो. एचडीएमआयमध्ये दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जात असल्याने केबलवरील प्रत्यक्ष भार १७.८ गिगाबिट होतो. एचडीएमआय १.४ (२००९) ची मर्यादा १०.२ गिगाबिट असल्याने तेथे ३० हर्ट्झच शक्य होते, एचडीएमआय २.० (२०१३) च्या १८ गिगाबिटांत हा संकेत जेमतेम मावतो. डिस्प्लेपोर्ट १.२ (२०१०) मध्ये ही सोय तीन वर्षे आधीच झाली होती. तथापि सुरुवातीचे काही ४के मॉनिटर ६० हर्ट्झसाठी पडद्याचे दोन उभे भाग करून ते संगणकाला दोन स्वतंत्र मॉनिटर असल्याचे भासवीत.

ग्राफिक्स कार्ड, पोर्ट, अडॅप्टर, केबल आणि मॉनिटर या साखळीतील सर्वांत मंद दुव्यावर अंतिम दर ठरतो. म्हणूनच केवळ महागडी केबल घेऊन जुन्या पोर्टची मर्यादा ओलांडता येत नाही.

यूएसबी-सी आणि डॉक

यूएसबी-सी पोर्टमध्ये जलद माहितीच्या चार वाहिन्या असतात. अनेक डॉक त्यांतील दोन यूएसबी ३ साठी राखून उरलेल्या दोनच चित्राला देतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन वाहिन्यांत ८.६४ गिगाबिटच उपयुक्त माहिती जाते, म्हणून दर ३० हर्ट्झवर येतो. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने १२.९६ गिगाबिट जातात आणि रिकामा अवधी कमी ठेवल्यास ६० हर्ट्झ साधतात. काही मॉनिटरच्या मेन्यूत यूएसबीचा वेग कमी करून चारही वाहिन्या चित्राला देण्याचा पर्याय असतो.

उपाय

मॉनिटर आपल्या क्षमतांची यादी ईडीआयडी या नोंदीद्वारे संगणकाला कळवतो. मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जुनी आवृत्ती निवडलेली असल्यास या यादीत ६० हर्ट्झ येतच नाही. त्यामुळे ही सेटिंग प्रथम पाहणे इष्ट. त्यानंतर मॉनिटर डॉकविना थेट जोडून पाहिल्यास दोष डॉकचा आहे की नाही हे कळते. विंडोजमध्ये दर डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये, तर लिनक्सवर एक्स प्रणाली असल्यास एक्सरँडआर या आज्ञेने निवडता येतो. यादीतील ५९.९४ हर्ट्झ हा आकडा दोष नसून दूरचित्रवाणीच्या परंपरेतून आलेला दर आहे.

रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच पाठवली, तर एचडीएमआय १.४ च्या वेगातही ६० हर्ट्झ मिळू शकतात. चित्रफितींना ते चालते. रंगीत पार्श्वभूमीवरील बारीक अक्षरे मात्र अस्पष्ट होतात, त्यामुळे लेखन-वाचनाच्या कामासाठी ही तडजोड गैरसोयीची ठरते.