नमुन्याच्या नळीत काय असावे?

२०२० साली पूर्वांचलातील जिल्ह्यांतून बर्फाच्या डब्यांत ठेवलेल्या नळ्या वाराणसीत येत आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांची आरटी-पीसीआर तपासणी होई. अहवालांची चर्चा घरोघरी झाली. नळीतल्या गुलाबीसर द्रावणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते द्रावण म्हणजे व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियम, अर्थात व्हीटीएम. त्यात संतुलित क्षार, प्रथिने आणि जिवाणू-बुरशी रोखणारी औषधे असतात. विषाणू ओळखायचा तर तो पेशींवर वाढवून पाहावा लागे, त्या काळाची ही देणगी. प्रवासात विषाणू संसर्गक्षम राहणे तेव्हा अत्यावश्यक होते. आरटी-पीसीआरला मात्र आरएनएचा शाबूत अंश पुरतो. तपासणीची पद्धत बदलली, पण नळी जुनीच राहिली.

महासाथीत साधने अपुरी पडू लागली, तेव्हा या सवयीचा फेरविचार झाला. हैदराबादच्या सीसीएमबीने कोरडा स्वॅब पुढे आणला. तो प्रयोगशाळेत साध्या बफरमध्ये बुडवून ९८ अंश सेल्सिअसला तापवायचा आणि आरएनए वेगळे न काढता थेट तपासायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये आयसीएमआरने त्यास मान्यता दिली. मे २०२१ मध्ये नागपूरच्या ‘नीरी’ची सलाइन गुळण्यांची पद्धत मान्य झाली. तिच्यात रुग्ण स्वतःच नमुना देतो. पण अत्यवस्थ माणसाला वा तान्ह्या मुलाला गुळणी साधत नाही.

तिसरा पर्याय ग्वानिडिनियमयुक्त द्रावणाचा. ते विषाणूला तत्काळ निष्क्रिय करते, त्यामुळे नमुना हाताळणारा तंत्रज्ञ सुरक्षित राहतो. मात्र हाच क्षार पीसीआरच्या विकराला रोखतो, म्हणून आरएनए शुद्ध करण्याची पायरी टाळता येत नाही. शिवाय त्यात ब्लीच मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात.

मग व्हीटीएम कालबाह्य झाले का? तसे म्हणता येणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतून संसर्गक्षम विषाणू वेगळा केला आणि कोव्हॅक्सिन त्यावरच उभी राहिली. निष्क्रिय केलेल्या नमुन्यातून ते शक्य झाले नसते.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. मोजमापाची अचूकता उपकरणाच्या कितीतरी आधी, नमुना घेतानाच ठरू लागते, हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. येथे त्या चुकीची किंमत रुग्ण खोट्या ‘निगेटिव्ह’ अहवालाने मोजतो, तर तंत्रज्ञ संसर्गाने. म्हणून नळी निवडण्यापूर्वी विचारावे: आपल्याला विषाणू हवा आहे, की केवळ त्याची खूण?