रोजगारविहीन कुटुंबे, वऱ्हाडातील मापन

ज्या घरात कामाच्या वयाचे निदान एक माणूस आहे, पण कामावर कोणीच नाही, अशा घरांचे प्रमाण. बेकारीचा दर माणसे मोजतो. हे माप चुली मोजते. ब्रिटनमध्ये १६ ते ६४ वयाची व्यक्ती असलेलीच घरे त्यात धरतात, म्हणजे पेन्शनवर जगणारे म्हातारे जोडपे आपोआप वगळले जाते. भारतातील नमुना पाहणीतही एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब. तेव्हा व्यक्तींच्या नोंदी घरवार जोडल्या की हे प्रमाण काढता येते.

खरा प्रश्न ‘कामावर’ कोणाला म्हणायचे हा आहे. २०१७मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक मापात मागच्या सात दिवसांत एक तास काम पुरते. वार्षिक मापात दुय्यम काम ३० दिवस झाले तरी चालते. अमरावती-अकोल्याची कोरडवाहू शेती खरिपावर चालते. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, आणि उन्हाळ्यात मजुराचे हात रिकामे. ज्या घरातल्या बाईने महिनाभर कापूस वेचला ते घर वार्षिक मापात कामाचे; मे महिन्यात साप्ताहिक मापाने तेच घर रोजगारविहीन निघू शकते. स्वतःच्या वावरात बिनमजुरीने राबणाराही रोजगारातच धरतात. त्यामुळे चार एकरवाला कर्जात बुडाला तरी या आकड्यात सहसा दिसत नाही. दारिद्र्याचे माप म्हणून हा आकडा इथे वापरणे धोक्याचे, ते यासाठी. शिवाय धारणी-चिखलदऱ्यातून कामासाठी बाहेर पडलेल्या कोरकू कुटुंबाच्या दाराला कुलूप असते. त्यांची माहिती द्यायला घरी कोणी नसते.

जनगणनेची रेघ वेगळी: वर्षात १८३ दिवस काम केले तर मुख्य कामकरी, त्याहून कमी तर सीमांतिक. रोजगार हमीची नोंदही उपयोगी, पण अपुरी. महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क दिला, तर केंद्राच्या २००५च्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. शहरे त्यात नाहीत.

जिल्ह्याचा विश्वसनीय आकडा न मिळणे ही जुनी अडचण. जानेवारी २०२५पासून श्रमबल पाहणीच्या नमुन्यात जिल्हा हा पायाभूत घटक झाला, हा मोठा बदल. तरी व्याख्येची गुंतागुंत उरतेच. अचलपूरची फिनले मिल मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत थांबली. अशा बंद गिरणीतल्या कामगाराचे नाव हजेरीपटावर असेल आणि नोकरीशी नाते तुटलेले नसेल, तर साप्ताहिक मापात त्याचे घर रोजगारविहीन धरले जात नाही.