धर्मादाय कोणाच्या पदरचा?

धनाढ्य कंपन्यांनीं व त्यांच्या चालकांनीं दानधर्म करावा कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे पुष्कळदां चर्चिला जातो. करावा, असें म्हणण्यास सहसा कोणाची हरकत नसते. परंतु परभणी जिल्ह्याचा इतिहास पाहिला असतां त्याच्या आधींचा एक प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो: जें दान दिलें जातें, तें कोणाच्या पदरचें?

औंढा नागनाथाचें देवालय १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. अठराव्या शतकांत त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. हा मुलूख त्यांच्या दौलतींतला नव्हे, निजामाचा. बाईंचा दानधर्म मुख्यतः खासगीच्या उत्पन्नांतून होई. दौलतीचा खजिना निराळा, ही मर्यादा त्यांनीं पाळली. देणारा हात ज्याचा, थैलीहि त्याचीच, असें तें दान होतें.

पुढें १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरून गेला आणि सेलू, मानवत या पेठांतील कापसास दूरच्या गिरण्यांची वाट मोकळी झाली. त्या काळीं देशांतील कापसाच्या व धान्याच्या बाजारांत शेतकऱ्याच्या हिशेबपट्टींतून अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ म्हणून कांहीं रक्कम कापून घेण्याची चाल होती. त्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, गोशाळा व पाठशाळा चालल्या, हें खरें. तें पुण्यकर्म आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु पैसा कुणब्याचा आणि कोनशिलेवर नांव व्यापाऱ्याचें, असा प्रकार त्यांत सहज घडे. १९२८ सालीं शेतकी रॉयल कमिशनानें असल्या कपातींवर बोट ठेवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३० सालीं हैदराबाद संस्थानानेंहि शेतमालाच्या बाजारांसाठीं कायदा केला. स्वातंत्र्यानंतर बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, गिऱ्हाइकांकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम हें कंपनीचें उत्पन्न नव्हे. ती धर्मकार्यासाठींच तिच्या हातीं दिलेली असते. म्हणजे कंपनी येथें दात्री नसून केवळ विश्वस्त ठरली.

हाच विवेक आजच्या कायद्यालाहि लावून पाहावा. १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलेल्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें ५०० कोटींचें निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकीं एकहि अट पुरी करणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. हें दान नव्हे, कर्तव्य आहे. आणि पैसा भागधारकांचा असल्यामुळें चालकांनीं त्याचें पुण्य आपल्या नांवें मांडूं नये. पुण्य हवें असेल त्यानें अहिल्याबाईंप्रमाणें आपली खासगी थैली उघडावी.

याच कलमांत कंपनीच्या कामकाजाच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावें, असें म्हटलें आहे. ज्या जिल्ह्यांत कापूस भरपूर पण मोठे कारखाने थोडे, त्याच्या वाट्याला अशानें काय येणार? २०२१ सालीं केंद्र सरकारनें खुलासा केला कीं, हें प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाहीं. मग कापडाच्या गिरणीनें आपला शेजार धुराड्याच्या सावलीपुरताच कां मानावा? ज्या काळ्या जमिनींतून तिचें सूत निघालें, ती जमीनहि तिच्या शेजाराचीच.

म्हणून आमचें मत असें: कंपन्यांनीं अवश्य द्यावें, परंतु आधीं मालास रास्त भाव, मग मजुरास रास्त मजुरी, आणि त्यानंतर धर्मादाय. तें देतांना उपकाराची भाषा नसावी. देणें फेडल्याचा उघड हिशेब असावा. ज्या गांवचा कापूस, त्या गांवची शाळा, विहीर किंवा दवाखाना, हा त्या हिशेबांतला पहिला खर्च असावा.