चंद्रभागेचे पाणी मोजू पाहणाऱ्यांसाठी

आंघोळीच्या पाण्यातील जिवाणू मोजण्याचे शास्त्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत मिशिगन आणि ईरी सरोवरांच्या काठी सुरू होते. मूळ अभ्यास तिथलेच, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण सोलापूर जिल्ह्यातून या क्षेत्रात येणाऱ्याने इतके दूर कशाला जावे? आषाढीला लाखो वारकरी पंढरपुरात चंद्रभागेत उतरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला डबा बांधून पोरे विहिरीत उड्या टाकतात. नाकातोंडात पाणी जाते, कुणी मुद्दाम ओंजळभर पितेही. त्या पाण्याने माणूस आजारी पडेल का, हा या शास्त्राचा एकमेव प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी इथे नव्या माणसांची फार गरज आहे.

पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू पाण्यात थेट शोधणे अवघड आणि खर्चिक. म्हणून माणसाच्या आतड्यात नेहमीच राहणाऱ्या, सहज वाढवता येणाऱ्या जिवाणूंचा माग घेतला जातो. थिओडोर एशेरिश यांनी 1885 मध्ये वर्णन केलेला, आज ई. कोलाय म्हणून ओळखला जाणारा जिवाणू त्यांत मुख्य. तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळली आहे आणि तिच्यासोबत आणखी काही आले असू शकते, असे समजायचे. एशेरिशच्या त्या शोधापासून आजपर्यंतची सगळी मानके या एका अनुमानावर उभी आहेत.

भारतात नवख्याचा गोंधळ होतो तो मानकांपाशीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या वर्गीकरणात आंघोळीच्या पाण्यासाठी, म्हणजे ‘ब’ वर्गासाठी, 100 मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा मोठा गट) 500 पर्यंत चालतात. सप्टेंबर 2000 च्या केंद्रीय अधिसूचनेत मात्र मोजायचे ते विष्ठाजन्य कोलिफॉर्म. त्यांची इष्ट मर्यादा 500 आणि कमाल 2500. शिवाय विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकायसाठी 100 आणि 500. कोणताही अहवाल हातात आला की आधी पाहावे, की मोजले काय आणि पडताळले कोणत्या आकड्याशी.

प्रयोगशाळेतली पद्धत एकदा जवळून पाहा. जांभळसर मॅककाँकी द्रावणाच्या 15 नळ्या. प्रत्येकीत एक इवलीशी डरहॅम नळी उपडी बुडवलेली. पाच नळ्यांत 10 मिलिलिटर नमुना, पाचांत 1, पाचांत 0.1. ऊबपेटीत 37 अंशांवर 24 ते 48 तास ठेवल्यावर काही नळ्या पिवळ्या पडतात आणि उपड्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकलेला दिसतो. अशा किती नळ्या ‘लागल्या’ ते मोजून तक्त्यावरून संभाव्यतम संख्या काढायची. मग लागलेल्या नळ्यांतले थेंब नव्या द्रावणात घालून 44.5 अंशांवर आणखी एक दिवस ठेवायचे, म्हणजे विष्ठाजन्य कोणते ते कळते.

यात एक खोच आहे. पंधराच्या पंधरा नळ्या लागल्या तर तक्ता फक्त ‘1600 पेक्षा जास्त’ एवढेच सांगतो. ते 1700 असतील किंवा 1 लाख. म्हणजे पाणी 2500 च्या आत आहे की बाहेर, हा जो एकच निवाडा हवा होता, तोच हाती लागत नाही. यात्रेच्या दिवसांत नमुना आधी दहापट, शंभरपट विरळ करून घेतलाच पाहिजे. तसे न करता लिहिलेला ‘1600 पेक्षा जास्त’ हा आकडा मला कामचुकारपणाचा वाटतो.

आता वेळेचा हिशेब मांडू. दशमीला उचललेल्या नमुन्याचे पक्के उत्तर द्वादशीला, बहुधा त्रयोदशीला येणार; एकादशीचे स्नान तर उरकून गेलेले. जगभरच्या किनाऱ्यांना हीच अडचण छळते. म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी पाऊस, गढूळपणा, वारा, लाटा यांवरून त्याच दिवसाचा अंदाज बांधतात. जिवाणूंच्या जनुकांच्या प्रती वाढवून काही तासांत उत्तर देणाऱ्या चाचण्याही आल्या आहेत. पंढरपूरला मात्र एक सोय आहे, जी शिकागोला नाही. आपली गर्दी पंचांगात छापलेली असते. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांच्या आधी, दरम्यान आणि नंतर, दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी नमुने घेतले, सोबत वरच्या अंगाच्या उजनी धरणातून सोडलेला विसर्ग आणि पाऊस नोंदवला, तर काही वर्षांत एकादशीच्या आदल्या रात्री सांगता येईल असा अंदाज उभा राहील. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भीमेवर, म्हणजे याच चंद्रभागेवर, नियमित नमुने घेतेच. 2016 मध्ये राज्याने ‘नमामि चंद्रभागा’ अभियानही जाहीर केले. उणीव आहे ती वारीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या मोजणीची.

उजनीविषयी थोडे. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे या जलाशयात येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एवढ्या विस्तीर्ण पाणसाठ्यात पाणी दीर्घकाळ थांबते तेव्हा आतड्यातले पुष्कळ जिवाणू उन्हाने मरतात, गाळात बसतात. पोषकद्रव्ये तशी जात नाहीत. पाणी हिरवे करणाऱ्या शेवाळाला ती पोसतात. म्हणून घाटावर मोठा आकडा मिळाला की लगेच पुण्याकडे बोट दाखवू नये. आधी घाटाच्या वरच्या अंगाला मिळणारे नाले पाहावेत आणि नदीपात्रातल्या वाळवंटावरचा वारकऱ्यांचा मुक्काम पाहावा. मिशिगनच्या किनाऱ्यांवर रिचर्ड व्हिटमन आणि सहकाऱ्यांना ओल्या वाळूतच ई. कोलाय टिकून राहिलेले आढळले. पाण्याइतकेच वाळवंटही तपासण्याजोगे आहे.

सर्वांत मोठा प्रश्न माझ्या मते वेगळाच आहे. अल्फ्रेड ड्यूफोर यांनी 1984 मध्ये गोड्या पाण्याच्या किनाऱ्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाच्या विकारांशी ई. कोलाय आणि एंटरोकोकाय या आतड्यातल्या जिवाणूंचे नाते स्पष्ट दिसले. विष्ठाजन्य कोलिफॉर्मचे दिसले नाही. त्यावरून अमेरिकेने 1986 मध्ये ई. कोलायची सरासरी मर्यादा 126 ठरवली. आपण मुख्यतः विष्ठाजन्य कोलिफॉर्मवरच थांबलो आहोत. शिवाय त्या अभ्यासांत ज्याचे डोके पाण्याखाली गेले तो ‘पोहणारा’, आणि पाणी पोटात गेलेच तर चुकून. आपला वारकरी तीन बुड्या मारतो आणि तीर्थ म्हणून ओंजळ पितो. अनेक जण साठीच्या पुढचे, दोन-तीन आठवडे चालून थकलेले. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालू देत नाही. मग हे स्नान कोणत्या मानकाने मोजायचे? परदेशी किनाऱ्यांवरून आणलेला आकडा इथे पुरणार नाही. दिंड्यांसोबत चालून, कुणाला परतीच्या वाटेवर जुलाब झाले आणि कुणाला नाही, हे विचारत फिरणारा आरोग्य-अभ्यास इथेच करावा लागेल. वारकऱ्याला तीर्थ घेऊ नका असे सांगून तो प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. पाणी त्या तीर्थाच्या योग्यतेचे करणे हे आपले काम आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, जलविज्ञान, संख्याशास्त्र, समाजकार्य, यांपैकी कोणत्याही वाटेने इथे येता येते. पहिल्या नमुन्याला जाल तेव्हा निर्जंतुक बाटली आणि बर्फाचा डबा सोबत ठेवा. लोक उतरतात तिथेच उतरा, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करून पृष्ठभागाखाली वीतभर खोल बुडवा, आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळा गाठा. वहीत तारखेसोबत तिथी, वेळ, ऊन-पाऊस, पाण्याची पातळी आणि त्या क्षणी आजूबाजूला किती माणसे पाण्यात होती, हेही लिहा.