झाडूला घातलेला हार



अमझेऱ्याचे नाव निघाले की राणा बख्तावरसिंहांचे स्मरण होते. १८५७ च्या उठावाबद्दल इंग्रजांनी त्यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिले आणि अमझेरा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले. इंदूरशी आपले नाते असे रक्ताचे आहे. आज मात्र त्याच नगरीने प्लेगशी दिलेल्या एका लढ्याची हकीकत सांगावयाची आहे.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास नगररचनेसाठी पाचारण केले. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. हाती नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा साहेब पाहून लोक धास्तावत, कारण नकाशा म्हणजे घरावर येणारी कुदळ, असाच त्यांचा अनुभव होता. गेडिसांनी हे ओळखले आणि दिवाळीनिमित्त एका दिवसाचे राजेपद मागून घेतले.

दवंडी पिटली गेली : मिरवणुकीचा मार्ग ठरीव नसेल, ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ, त्या रस्त्याने ती जाईल. घरातील केरकचरा फुकट उचलला जाईल. मग काय, आळीआळीत चढाओढ लागली! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, अस्वच्छतेचा राक्षस होता. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार चालले होते. त्यांच्या झाडूंना फुलांचे हार होते आणि मस्तकी तेच पागोटे होते, जे नगराच्या अधिकाऱ्यांच्या व खुद्द गेडिसांच्या मस्तकी होते. शेवटच्या गाड्यांतून तुळशीची रोपे वाटण्यात आली. रोप घरी न्यावयाचे म्हणजे अंगण झाडणे ओघानेच आले.

१९१८ साली गेडिसांचा अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला. शहरातील घाण नदीत न सोडता तिचे खत करून बागा फुलवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. २०१७ पासून सलग सात राष्ट्रीय सर्वेक्षणांत इंदूर पहिले आले. २०२२ मध्ये तेथे रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा प्रकल्पही उभा राहिला. हे यश स्पृहणीय खरेच. परंतु त्याच इंदुरातून वाहणारी कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते, तेव्हा तिचे पाणी आचमनास घेण्याजोगे नसते. आपला कचरा दुसऱ्या गावाच्या घाटावर पोहोचत असेल, तर आपली स्वच्छता अपुरीच म्हणावी लागेल.

आपल्यापैकी काहीजण उद्या पंचायतीत वा नगरपालिकेत बसतील. घंटागाड्या आणि रोपे यांची तरतूद अंदाजपत्रकात करता येते. पण जो हात पहाटे आपली गटारे उपसतो, त्याला सणाच्या दिवशी आपल्या बरोबरीचे पागोटे कोण देणार, हा प्रश्न अंदाजपत्रकाने सुटत नाही. त्याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे.