काळ्या तेलाची साक्ष

डीझेल मोटारीचें तेल घरीं बदलणारा गृहस्थ चेंबरचा नट सोडतो, तेव्हां भांड्यांत काजळासारखें तेल पडतें. नवें भरलेलें तेलही थोड्याच दिवसांत काळवंडतें, आणि तें निकृष्ट असावें अशी शंका त्याला येते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

रुडॉल्फ डीझेलचें एंजिन १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें. पुढें १९३१ सालीं अमेरिकेंत कॅटरपिलर कंपनीनें डीझेल ट्रॅक्टर आणला. त्यांत काजळी व जळक्या तेलाचा चिकटा पिस्टनच्या रिंगांभोवतीं सांचे; रिंगा जखडत आणि एंजिन निकामी होई. तेल शुद्ध असलें म्हणजे पुरे, ही समजूत येथें खोटी ठरली. त्याच दशकांत रसायनज्ञांनीं तेलांत मळ सोडविणारीं द्रव्यें मिसळलीं. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीज-बेन्झची २६० डी मोटार आली, आणि डीझेल एंजिन घरगुती वाहनांत शिरलें.

सारांश, काळेपणा ही तेलानें मळ पोटांत घेतल्याची खूण होय. परंतु त्या पोटालाही मर्यादा आहे. म्हणून रंगावर न जातां, कंपनीनें नेमून दिलेल्या अंतरावर तेल व फिल्टर दोन्ही बदलावींत. आणि जुनें तेल गटारांत न ओततां बंद डब्यांत ठेवून तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावें.