गेल्डार्ट वर्गीकरण

वर जाणाऱ्या वायुप्रवाहातील वर्तनावरून केलेले चूर्णांचे चार गटांतील वर्गीकरण. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील डेरेक गेल्डार्ट यांनी ते १९७३ मध्ये मांडले. कणांचा सरासरी व्यास आणि कण व वायू यांच्या घनतांतील फरक हे निकष होत. ए गटातील उत्प्रेरक चूर्ण बुडबुडे येण्यापूर्वी एकसारखे फुगते (पाहा : उत्प्रेरकी भंजन), बी गटातील वाळूत प्रवाहीकरण (वायुप्रवाहात चूर्ण द्रवासारखे वागू लागणे) सुरू होताच बुडबुडे येतात, डी गटातील गव्हासारख्या भरड दाण्यांत कारंजी थर (ज्यात दाणे कारंज्यासारखे उसळतात) बनतो. सी गटात मैद्यासारखी, साधारणतः ३० मायक्रॉनपेक्षा बारीक चूर्णे येतात. त्यांत व्हॅन डर वाल्स प्रेरणा (पाहा : संसंजन) वजनावर मात करतात व थराला भेगा पडून वायू निसटतो. पृष्ठभागावरील ओलावा चिकटपणा वाढवतो. अतिसूक्ष्म सिलिकेचा लेप चिकटपणा घटवतो व सी गटातील चूर्ण ए गटासारखे वागू लागते. प्रवाही थर भट्ट्या व शुष्ककांच्या आराखड्यात हे वर्गीकरण वापरतात (पाहा : प्रवाही थर).